चांगल्या पायाची पट्टी

अण्णा, तुम्ही माझ्या आईचा चांगला पाय बांधून ठेवला होता. इतक्या वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले आणि पहिल्यांदा हेच आठवलं. तुमचा आवाज नाही, ऑफिसला जातानाची काळी टोपी नाही, ती पट्टी आठवली. कारखान्याच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला काहीतरी सांगून तुम्ही ती आणली होती आणि आपल्या अंबरनाथच्या क्वार्टरच्या मधल्या खोलीत, दार लावून, आईच्या उजव्या घोट्याला स्वतःच्या हातांनी गुंडाळली होती. तुम्हाला तिच्या पायाशी बसलेलं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं. आई भिंतीला टेकून बसली आहे, तिचे केस अजून ओले आहेत, आणि ती त्या पट्टीकडे दुसऱ्याच कोणाचा तरी पाय असल्यासारखी बघते आहे. पायाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तुम्ही गाठ मारलीत, उठलात, धोतर झटकलंत आणि म्हणालात, "पाय घसरला. कळलं? शेवाळावरून पाय घसरला." हे तुम्ही तिला सांगत होता की मला, ते मला तेव्हा कळलं नाही. आम्हा दोघींनाही सांगत होता.

शेवाळ, अण्णा! उन्हाळ्याचे दिवस होते. शाळेला सुट्टी लागली होती, विहिरीचा कठडा तापलेल्या तव्यासारखा कोरडा होता आणि तुम्हाला शेवाळ सुचलं. एवढे हिशेबी गृहस्थ, दुसऱ्याच्या टिपणातली काना-मात्रेची चूकसुद्धा शोधून काढणारे, आणि खोटं बोलायची वेळ आली तेव्हा तुम्हाला ऋतूसुद्धा आठवला नाही. माळ्याने तिला बाहेर काढलं होतं. धुणं धुणाऱ्या बायकांनी पाहिलं होतं. पाय घसरलेलं माणूस आधी मंगळसूत्र काढून कठड्यावर ठेवत नाही, हे त्या सगळ्यांना कळत होतं. तरी सगळ्यांनी मिळून पाय घसरवला.

धाकटा त्या वर्षीच झालेला. तुम्ही सबंध कॉलनीत पेढे वाटले होते. त्यानंतर आई हळूहळू गप्प होत गेली, इतकी हळूहळू की घरातल्या कोणाला ते गप्प होणं वाटलंच नाही. उलट शेजारच्या काकू म्हणायच्या, वहिनी किती शांत झाल्या मुलगा झाल्यापासून. तिला मी भाताच्या पातेल्यासमोर उभं पाहिलं आहे. भात करपून वास सुटलाय आणि ती पातेल्याकडेच बघते आहे. सकाळी उठायला तिला फार कष्ट पडत. बाळ रडलं तरी तिचा हात लवकर हलत नसे. एकदा तिने तुम्हाला सांगायचा प्रयत्न केला. मी अभ्यासाला बसले होते म्हणून मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. ती म्हणाली, "अहो, मला काही बरं वाटत नाही. काहीच नको वाटतं." तुम्ही पेपर खाली न घेता म्हणालात, "सोन्यासारखा मुलगा झालाय. पक्कं घर आहे, नळाला पाणी आहे. काय कमी आहे तुला?" तिने खरोखर विचार केला असणार काय कमी आहे याचा, आणि तिला काही सापडलं नसणार. न सापडल्याची लाजही मग तिच्याच डोक्यावर बसली.

हवालदार आला तेव्हा तुम्ही मला पुढे केलंत. त्या काळी जीव द्यायला जाणं हा गुन्हा होता, वाचलेल्या माणसावर खटला भरत. तिला कोर्टात उभं करतील, कारखान्यात तुमची बदनामी होईल, ही भीती खोटी नव्हती. हे वाक्य मी तुमच्या बाजूने लिहिते आहे, दुसऱ्यांदा लिहिणार नाही. पण भीती हवालदाराची होती, तर तो गेल्यावर पट्टी सोडायची होती. माझ्याकडून तुम्ही सकाळपासून पाठ करून घेतलं होतं. "आई पाणी काढायला गेली. शेवाळ होतं. पाय घसरला." हवालदाराने मला विचारलं, "पोरी, कसं झालं?" मी कवितेसारखं म्हणून दाखवलं. तो विहिरीवर गेला, कोरड्या दगडावर बूट घासून पाहिले, तुमच्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं तसंच लिहून घेतलं. जाताना आईकडे वळून म्हणाला, "बाई, जपून चालत जा." त्यालाही दया आली असेल. त्या दिवशी तिच्याशी सगळे दयेनेच वागले, आणि एकानेही तिला विचारलं नाही.

मग सुरू झालं पायाचं कौतुक. अख्खी कॉलनी पायाला बघायला आली. कोणी आंबेहळद उगाळून आणली, कोणी तेल, कोणी कुठल्याशा वैद्याचा पाला. शेजारच्या काकू रोज खिडकीतून विचारत, "काय वहिनी, पाय कसा आहे?" आणि आई म्हणे, "बरा आहे." तुमचा हुकूम होता की तिने लंगडून चालायचं. ती लंगडायची. नळावर लंगडत जायची, देवळातून लंगडत यायची. एकदा आंघोळीनंतर मी तिला पट्टी बांधून दिली आणि चुकून डाव्या पायाला बांधली. ती तशीच ओटीवर गेली, डावा पाय ओढत. तुम्ही ऑफिसातून येत होतात. तुम्ही तिला हाताला धरून आत आणलंत आणि दातओठ खाऊन म्हणालात, "उजवा! उजवा सांगितलाय मी सगळ्यांना." आई हसली, अण्णा. त्या घटनेनंतर पहिल्यांदा हसली. म्हणाली, "मला कुठे आठवतंय कुठला मोडलाय ते." तुम्हाला त्यात उद्धटपणा दिसला. मला आज त्यात जे दिसतं ते मी लिहायला घेते आणि खोडते.

आणि त्या चपला. तुम्ही तिला आयुष्यात दिलेली, मला आठवणारी, ती एकच भेट. जुन्या चपलेमुळे घसरली असं पुढचं कलम तुम्ही गोष्टीत घातलं होतं, त्यामुळे नव्या आणणं भाग होतं. त्यासाठी सुतळी घेऊन तिच्या पायाचं माप घेतलंत. उजव्या पायाचं, पट्टीसकट! तुमचंच खोटं तुमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की माप घेताना तो पाय तुम्हाला खरोखर सुजलेला दिसला. उल्हासनगरच्या कॅम्पात तेव्हा निर्वासितांची नवी दुकानं निघत होती, तिथून तुम्ही रबरी तळाच्या चपला आणल्या. पट्टीच्या पायात त्या बसल्या, दुसऱ्यात होडीसारख्या डुगडुगू लागल्या. त्या घालून ती खरंच घसरली असती. बदलून आणायला हव्या होत्या, तुम्हाला सुट्टी नव्हती, म्हणून तुम्ही म्हणालात, "पोरीला घेऊन टांग्याने जाऊन ये. लंगडायला विसरू नकोस." तुम्हीच तिला तिथे पाठवलंत. तुमच्या हातून झालेली एवढीच एक चांगली गोष्ट, आणि तीही चुकीच्या मापामुळे.

ते दुकान मला आत्ताही दिसतं. लष्कराची जुनी बराक, पुढच्या भागात चपलांचे ढीग, मागच्या भागात संसार, मध्ये गोणपाटाचा पडदा. दुकानदार कुठेतरी गेला होता. त्याची बायको बसली होती. धिप्पाड बाई, मोठा आवाज, तोंडात सुपारी. ती काही कोणी देवमाणूस नव्हती. आम्ही शिरलो तेव्हा ती शेजारणीला पडद्यापलीकडून शिव्या देत होती, आणि चपला बघून आमच्यावरच डाफरली की माप तुमच्या माणसाने दिलं होतं, आमची चूक नाही. मग आईला स्टुलावर बसवून म्हणाली, "पैर दिखा." आईने डावा पुढे केला. "दोनों दिखा. एक पैर का जूता मैं नहीं बेचती." आणि तिने विचारलंही नाही, सरळ उजव्या पायाची पट्टी सोडायला घेतली. आई "नको, नको" म्हणते आहे, आणि ती बाई भराभर गुंडाळी करत चालली आहे. पाय मोकळा झाला. तिने अंगठ्याने घोटा दाबला, टाच दाबली, बोटं वळवून पाहिली.

"अदी," ती म्हणाली. अदी म्हणजे त्यांच्यात बहीण. "इस पैर में तो कुछ भी नहीं है."

आईने पाय मागे घ्यायला पाहिलं, तिने सोडला नाही.

"किसने बाँधा?"

"घरवाले ने," आई म्हणाली.

त्या बाईने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग पाय तसाच आपल्या मांडीवर धरून, भाजीचा भाव विचारावा तितक्या सरळ आवाजात विचारलं, "सच बोल. जान देने गई थी?"

मला वाटलं आता छप्पर कोसळणार. मी तोंड उघडलं. शेवाळ, पाणी काढायला, सगळं तयार होतं. आईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हां."

तिला हिंदी येत नव्हती हे तुम्हाला ठाऊकच आहे. कदाचित त्यामुळेच बोलता आलं असेल. मराठीत लपायला जागा फार होत्या. बरं वाटत नाही, कसंतरी होतं, पाय घसरला. हिंदीत तिच्याजवळ तेवढे शब्दच नव्हते. ती म्हणाली, "मेरे को जीव नको झाला था. कायको, वो मालूम नहीं. बच्चा अच्छा है, आदमी अच्छा है, सब अच्छा है. सबेरा हुआ की मेरे को नको लगता है."

"अभी भी लगता है?"

"रोज नहीं."

"आज?"

"आज सबेरे लगा."

"अच्छा," ती बाई म्हणाली. ओरडली नाही, देवाचं नाव घेतलं नाही, पोरांकडे बघ म्हणाली नाही. पडद्याआडून पापड भाजून आणला, तांब्याभर पाणी आणलं, आणि खाली बसकण मारली. "मेरे को भी लगा था. कराची से आए, तब जहाज़ में. मैं ने अपनी सास को बोल दिया, अम्मा, मैं नहीं रहूँगी. सास ने थप्पड़ मारी. फिर मेरी चुन्नी अपनी चुन्नी से बाँध ली. बंबई तक नहीं खोली. सोए तो बँधे, उठे तो बँधे." आणि ती मोठमोठ्याने रडू लागली, सासूसाठी की स्वतःसाठी कोण जाणे. आई घाबरून इकडेतिकडे बघू लागली, कोणी ऐकेल म्हणून. मग तीही रडू लागली. मी पापड खाल्ला. मी दहा-अकरा वर्षांची होते, दोन बायका रडत असताना दुसरं काय करणार?

निघताना चपला मापाच्या मिळाल्या. बाईने पट्टीची गुंडाळी आईच्या हातात दिली आणि म्हणाली, "जब भी लगे, आ जा. चप्पल तोड़ के आ जा." टांग्यात आईने ती पट्टी पुन्हा बांधली, कारण घरी तुम्ही होता. पण रस्ताभर तिने मला जवळ घेतलं होतं, आणि घरी जाऊन पोटभर जेवली. तुम्ही म्हणालात, "बघ, नव्या चपलांनी कसं बरं वाटलं."

त्यानंतर त्या चपला फार तुटू लागल्या. कधी अंगठा उसवायचा, कधी पट्टा. आई स्वतः उसवायची, विळीवर धरून. मी पाहिलं आहे. दर आठ-पंधरा दिवसांनी ती कॅम्पात जायची, कधी मी बरोबर, कधी बाळ कडेवर. ती एका दिवसात बरी झाली असं समजू नका. काही सकाळी ती तशीच पडून असे, भात तसाच करपे. एकदा तर आम्ही भर दुपारी धावतपळत गेलो, तिच्या पायात चपलाच नव्हत्या, आणि त्या बाईने विचारलंसुद्धा नाही, तिला पडद्याआड नेऊन आपल्या शेजारी झोपवलं. संध्याकाळी तिनेच नवऱ्याला पिटाळून आम्हाला घरापर्यंत सोडलं. इस्पितळातल्या एका बाई डॉक्टरांकडेही तीच घेऊन गेली आईला, तिच्या कोणा भाचीच्या ओळखीने. डॉक्टरांनीही तेच विचारलं, सरळ, आणि म्हणाल्या की बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना असं होतं. आई घरी येताना सबंध वाट तेच म्हणत होती: "पुष्कळ बायकांना. बघ, पुष्कळ." एवढ्या एका शब्दाने तिला किती उचललं, अण्णा! घरात बसून तुम्ही तो शब्द तिला फुकट देऊ शकला असता.

तुम्हाला कळलंच शेवटी. कॉलनीतल्या कोणीतरी टांग्यात पाहिलं. तुम्ही चपला हातात घेऊन आईसमोर उभे आहात, मी दाराआड. "चपलेच्या दुकानात बसून घरच्या गोष्टी उघड्या करतेस? निर्वासित बायकांसमोर?" आई म्हणाली, "घरात करू द्याल तर घरात करते." तुम्ही म्हणालात, "हळू बोल. भिंतीला भिंत लागून बिऱ्हाड आहे." तुमचं हे 'हळू बोल' आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वापरलेलं वाक्य. तुम्ही तिला सहसा ओरडला नाहीत, हात उगारला नाहीत, हे लोक आजही कौतुकाने सांगतात. तुम्ही फक्त म्हणत राहिलात, हळू बोल.

तिने मोठ्याने बोलायचं ठरवलं ते पुढच्या चैत्रात. आपल्याकडे हळदीकुंकू होतं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या. कॉलनीतल्या साऱ्या बायका आलेल्या. पट्टी जाऊन कित्येक महिने झाले होते, तरी काकूंनी सवयीने विचारलंच, "वहिनी, पाय काय म्हणतो?" आईच्या हातात अत्तरदाणी होती. ती तिने खाली ठेवली आणि म्हणाली, "काकू, पायाला काही झालंच नव्हतं. मी जीव द्यायला गेले होते. आता तसं वाटत नाही. वाटलं तर कोणाला तरी सांगते." पुन्हा अत्तरदाणी उचलली आणि पुढचीच्या मनगटाला अत्तर लावलं. दोघी-तिघी ओटी न घेताच उठल्या. एकीने आपल्या मुलीचा हात धरून तिला माझ्याजवळून नेलं. आठवडाभर आपल्याकडे कोणी फिरकलं नाही, नळावर आई गेली की बायका बाजूला होत. तुम्ही तिच्याशी बोलणं टाकलंत. जेवायला बसलात की मला सांगायचात, "तिला म्हणावं, आमटी वाढ."

आणि मग काकू आल्या, मागच्या दाराने. आई तांदूळ निवडत होती. काकू उंबऱ्यावर बसल्या, तांदळातले खडे वेचू लागल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही कसं हो सांगितलंत?" आई म्हणाली, "तोंडाने." काकू हसल्या आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं. त्यांची थोरली बहीण सासरी गेली होती विहिरीत. त्यांच्या घरी ती पटकीने गेली असं सांगायचे. काकूंनी त्या बहिणीचं नाव लग्नानंतर पहिल्यांदा उच्चारलं ते आपल्या स्वयंपाकघरात. आईने त्यांना विचारलं, "आणि तुम्हाला कधी वाटतं का?" मला ऐकू येऊ नये म्हणून काकूंनी मला साखर आणायला पिटाळलं, त्यामुळे उत्तर मला ठाऊक नाही. पण पुढे कित्येक वर्षं त्या दोघी दुपारच्या एकमेकींकडे बसत, आणि काकू गेल्या त्या म्हातारपणाने गेल्या.

तुम्ही म्हणायचात की त्या हळदीकुंकवाने तुमची बढती गेली. गेली असेल. तुमच्या हाताखालचा पोरगा तुमच्या डोक्यावर साहेब म्हणून बसला, हे खरं. तोवर आपण बदलापूरला दोन खोल्या बांधून राहायला गेलो होतो. तुम्ही दाढी करायचं सोडलंत. घड्याळाला किल्ली द्यायचं सोडलंत. सुट्टी टाकून ओटीवर नुसते बसून राहायचात, समोरच्या भातखाचरांकडे बघत, आणि तुमच्या पुढ्यातला चहा तसाच गार व्हायचा. मी तोवर मोठी झाले होते, मला ती नजर ओळखीची होती. भाताच्या पातेल्यासमोरची. आई तुमच्याजवळ जाऊन बसली आणि तिने माझ्यासमोर तुम्हाला विचारलं, "अहो, जीव नकोसा झालाय का?"

तुम्ही म्हणालात, "पाय दुखतात जरा."

आई म्हणाली, "पायाचं नाही विचारलं मी." तुम्ही उठून आत गेलात. तेव्हापासून मला तुमचा राग आहे, अण्णा. पट्टीचा राग कदाचित नंतर विसरता आला असता. हा नाही आला. जिने तुमच्यासाठी चांगल्या पायाने लंगडून दाखवलं तिच्याशीसुद्धा तुम्ही खरं बोलू शकला नाहीत, असं धरून मी तुमच्यावर चिडत राहिले. तुम्ही नंतर पुष्कळ वर्षं जगलात, छातीच्या दुखण्याने गेलात, आणि तुमच्याबद्दल कोणाला काही खोटं सांगावं लागलं नाही.

तुम्ही गेल्यावर आईने मला सांगितलं. त्याच आठवड्यात कधीतरी, दुपारी, तुम्ही तिला "हो" म्हणाला होतात. एवढाच शब्द. तिने तेव्हाच्या तेव्हा आपला पदर तुमच्या उपरण्याला बांधला. मला ती गाठ आठवते! मी कॉलेजातून आले तर तुम्ही दोघं ओटीवर, पदर नि उपरणं बांधलेलं, लग्नात बांधतात तसं, आणि मी विचारलं तर आई म्हणाली, "सोमवारचं व्रत आहे." कित्येक दिवस चाललं ते व्रत. तुम्ही मोरीत गेलात तरी ती दाराशी उभी. मी मैत्रिणींना सांगून हसले होते. आई एवढी उघड बोलणारी बाई, पण तुमच्यापायी ती मला खोटं बोलली, कारण तुम्ही तिला शपथ घातली होती की पोरांना कळता कामा नये.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. विचारलं की काय होतं, सांगितलं की काय होतं, कोणी जवळ बसलं की माणूस कसं वाचतं, हे सगळं तुम्ही स्वतःच्या अंगावर अनुभवलंत. आणि तरी मरेपर्यंत तिला म्हणाला नाहीत की तेव्हा मी चुकलो. तुमच्या वेळेला तुम्हाला ती होती. तिच्या वेळेला तिला पट्टी मिळाली. हा हिशेब मला कसाही मांडला तरी जुळत नाही. धाकट्याला अजून वाटतं आईचा पाय घसरला होता. तो म्हातारा झाला आता. नातवंडांना सांगतो, न्हाणीघरात जपून, आपल्या घराण्यात पाय घसरतात. मी सांगायला गेले तर म्हणाला, "ताई, हळू बोल, सुना आहेत घरात." तुमचा मुलगा शोभतो.

आता मी अंबरनाथला पूर्वेला राहते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे. मुलगी ठाण्याला असते. हे गेल्यापासून घर फार मोठं झालं आहे. आयुष्यभर शाळेत शिकवलं, मोठ्या मुलींना बाजूला घेऊन विचारत आले, आईने शिकवलं तसं, सरळ, आडपडदा न ठेवता. काही मुली रडल्या, काही रागावल्या, काहींची अजून पत्रं येतात. त्यामुळे मागच्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी जेव्हा विचारलं, "आजी, झोप कशी आहे? मन लागतं का?" तेव्हा उत्तर मला यायला हवं होतं. मी म्हणाले, "पाय दुखतात हो."

त्यांनी मलम लिहून दिलं. मी ते रोज लावते, अण्णा, दोन्ही पायांना, चोळून चोळून. माझे पाय ठणठणीत आहेत.

हे मी पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही आता हळू बोल म्हणू शकत नाही. पत्र कुठे टाकायचं नाहीच आहे. मुलीला फोन लावते. तिने "कशी आहेस?" म्हटलं की लगेच बोलायला हवं, 'पाय' हा शब्द तोंडात यायच्या आत.